बॅटरी साठवण यंत्रणा आणि बॅकअप जनरेटर : बिघाड शोधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅटरी, इन्व्हर्टर आणि जनरेटर ही तीन यंत्रं तीन वेगळ्या गरजा समोर ठेवून बनवलेली असतात. आपण त्यांना एका कामाला जुंपतो आणि त्यांचं आपोआप जमेल असं धरून चालतो. या यंत्रणांच्या दुरुस्तीत वर्षं घालवल्यावर एक गोष्ट मला सारखी दिसत आली आहे. बंद पडलेली यंत्रणा उघडली की बहुतेक वेळा तिन्ही यंत्रं धडधाकट निघतात आणि दोष त्यांना जोडणाऱ्या वायरीत, लगमध्ये (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या तुकड्यात) किंवा सेटिंगमध्ये सापडतो. म्हणून महागडा भाग बदलायच्या आधी ही उत्तरं वाचा. उदाहरणं मुख्यतः ४८ व्होल्ट वर्गातल्या लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी बॅटरीची आहेत.

तपासणीला हात घालण्याआधी काय काय बंद करायचं?

सगळ्यात आधी जनरेटर. पॅनेलवरचा स्विच 'ऑटो'वरून 'ऑफ'वर घ्या आणि स्टार्टर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. हे मी पहिल्या क्रमांकावर ठेवतो, कारण माणसं इथेच चुकतात. तुम्ही इन्व्हर्टर बंद केलात की नियंत्रकाला वाटतं वीज गेली, आणि तो जनरेटरला सेल्फ मारतो. तेव्हा तुमचा सहकारी फॅनच्या पट्ट्याजवळ हात घालून बसलेला असू शकतो.

मग एसी बाजू, सोलर असेल तर तीही, आणि शेवटी बॅटरीचा डीसी ब्रेकर. इन्व्हर्टरच्या आतले वीज साठवणारे कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत. किमान ५ मिनिटं थांबा आणि मीटर लावून खात्री करा. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. पान्याला इन्सुलेशन हवं. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभरेक वेळा शून्यावर येतो, त्यामुळे त्याची ठिणगी विझायला संधी मिळते. डीसीला ती संधी नाही, त्याचा आर्क ओढला की ओढलाच जातो. म्हणून लोड चालू असताना डीसी केबल कधीही सोडवू नका, आणि डीसी बाजूला एसीचा ब्रेकर बसवलेला दिसला तर बाकी तपासणी बाजूला ठेवून तो आधी बदला.

स्क्रीनवर पाच-सहा अलार्म एकदम दिसताहेत. कुठून सुरुवात करू?

सर्वात पहिल्या अलार्मपासून. रीसेट दाबायच्या आधी सगळ्या स्क्रीनचे फोटो काढा: बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारी आणि धोका दिसला की ती तोडणारी यंत्रणा), इन्व्हर्टर, जनरेटरचं पॅनेल. रीसेट केल्यावर काही नियंत्रकांमधली नोंद कायमची जाते.

शेवटचा अलार्म बहुधा परिणाम सांगतो. एका ठिकाणी 'जनरेटर फेल' असा अलार्म येत होता आणि त्यापायी जनरेटरची दोनदा सर्व्हिसिंग झाली होती. तिन्ही नोंदी शेजारी ठेवल्यावर दिसलं की त्याच्या काही सेकंद आधी बीएमएसने एका सेलचा व्होल्टेज मर्यादेबाहेर गेला म्हणून चार्जिंग तोडलं होतं. भरलेल्या लोडवरचा जनरेटर एका क्षणात रिकामा झाला, त्याचे आरपीएम उसळले आणि ओव्हरस्पीडवर तो बंद पडला. चोर सोडून संन्याशाला सुळी, असा तो प्रकार होता.

एक अडचण मात्र नेहमी येते. तिन्ही यंत्रांची घड्याळं सहसा जुळत नाहीत. नोंदी वाचण्याआधी प्रत्येकाची वेळ आणि तुमच्या घड्याळाची वेळ यांतला फरक लिहून ठेवा, नाहीतर आधी काय झालं आणि नंतर काय, हे उलटं वाचलं जाईल.

वीज गेली, बॅटरी उतरली, पण जनरेटर सुरूच झाला नाही. का?

आधी पॅनेलवरून हाताने सुरू करून बघा. या एका चाचणीने प्रश्न अर्धा होतो.

हाताने सुरू झाला, तर इंजिन ठीक आहे आणि सुरू करण्याचा इशारा पोचत नाही. स्विच 'ऑटो'वर आहे का? सर्व्हिसिंग करून गेलेला माणूस तो 'मॅन्युअल'वर विसरून जातो, हे फार वेळा घडतं. इन्व्हर्टर बहुधा दोन वायरींचा कोरडा संपर्क देतो, म्हणजे एक रिले फक्त दोन टोकं जोडतो. जनरेटरच्या बाजूला ती दोन टोकं तारेच्या तुकड्याने जोडा. सुरू झाला तर दोष वायरीत किंवा इन्व्हर्टरच्या रिलेत. काही जनरेटरांना एकच सलग संपर्क लागतो, काहींना सुरू आणि बंद यांसाठी वेगळे इशारे लागतात. ही जात जुळली नाही तर बसवल्या दिवसापासूनच ते चालणार नाही.

हातानेही सुरू होत नसेल, तर पहिला संशय स्टार्टर बॅटरीवर घ्या. १२ व्होल्टची भरलेली लेड-ॲसिड बॅटरी विश्रांतीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, पण या आकड्यावर विसंबू नका. सेल्फ मारताना मीटर लावून ठेवा. व्होल्टेज ९.६च्या बरंच खाली कोसळत असेल तर बॅटरी थकली आहे किंवा टर्मिनलवर पांढरा थर चढला आहे. तिचा चार्जर कुठून वीज घेतो तेही बघा. तो मुख्य विजेवरच जोडलेला असेल तर वीज नसलेल्या काळात, नेमकी गरज असताना, ती भरली जात नाही.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, तर डिझेल पोचत नाही असं समजा: टाकीचा कॉक, तुंबलेला फिल्टर, लाइनमध्ये धरलेली हवा, डिझेलची वाट न उघडणारा सोलेनॉइड. टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरली असेल तर हवा काढल्याशिवाय इंजिन चालणार नाही. बहुतेक नियंत्रक तीन प्रयत्नांनंतर स्वतःला कुलूप लावून घेतात. पुन्हा पुन्हा रीसेट करून सेल्फ मारत राहिलात तर सेल्फची मोटर जळेल.

इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण दाबलेलं राहिलं नाही ना, हेही बघा. बटण आत गेलेलं नजरेला चटकन दिसत नाही.

बॅटरी इतकी उतरली की बीएमएसने स्वतःला बंद केलं. आता चार्जरही चालू होत नाही. काय करू?

ही सगळ्यात वाईट कोंडी आहे. बीएमएसने टर्मिनल तोडल्यामुळे चार्जरला बॅटरी दिसत नाही, म्हणून तो चार्जिंग सुरू करत नाही. इन्व्हर्टर मेला आहे, म्हणून जनरेटरला इशारा जात नाही.

जनरेटर हाताने सुरू करा. पुष्कळ इन्व्हर्टर एसी इनपुट मिळाल्यावर जागे होतात आणि झोपलेल्या बॅटरीला उठवण्याची सोय त्यांच्यात असते. नसेल तर बीएमएसवरचं जागं करायचं बटण, किंवा शून्य व्होल्टपासून सुरू होणारा चार्जर वापरा. गाडीची बॅटरी जोडून उठवायचा प्रयोग करू नका. आणि चार्जिंगपूर्वी प्रत्येक सेल मोजा. एलएफपी सेलची खालची मर्यादा २.५ व्होल्ट असते. एखादा सेल २ व्होल्टच्याही खाली बराच काळ पडून राहिला असेल, तर आतलं तांबं विरघळून पुढे अंतर्गत शॉर्ट होण्याचा धोका असतो. तो सेल पुन्हा चार्ज करू नये.

ही वेळ पुन्हा येऊ नये म्हणून इन्व्हर्टरची कट-ऑफ मर्यादा बीएमएसच्या मर्यादेपेक्षा वर ठेवा, म्हणजे आधी लोड तुटेल आणि नियंत्रणापुरती वीज शिल्लक राहील. शिवाय जनरेटर टक्केवारीवर तर सुरू व्हावाच, पण व्होल्टेजवरही सुरू व्हावा अशी दुसरी अट घाला. ती का, ते पुढे टक्केवारीच्या प्रश्नात आहे.

जनरेटर नीट चालतो, पण इन्व्हर्टर त्याला घेतो, सोडतो, पुन्हा घेतो. हे चक्र थांबत नाही.

या प्रश्नावर मी सर्वात जास्त वेळ घालवला आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

बारकाईने ऐकलं तर असं होत असतं: इन्व्हर्टर जोडला जातो, चार्जर पूर्ण जोराने ओढायला लागतो, इंजिन कुंथतं, आरपीएम पडतात, फ्रीक्वेन्सी मर्यादेखाली जाते, इन्व्हर्टर सोडून देतो. ओझं उतरलं की इंजिन सावरतं, फ्रीक्वेन्सी जागेवर येते, इन्व्हर्टर पुन्हा जोडला जातो. चार पोलच्या अल्टरनेटरचं (जनरेटरमधल्या वीज तयार करणाऱ्या भागाचं) इंजिन १५०० आरपीएमला ५० हर्ट्झ देतं, म्हणजे आरपीएम १४१० झाले की फ्रीक्वेन्सी ४७ हर्ट्झ. तेवढ्यावर अनेक इन्व्हर्टर नकार देतात.

आता हिशेब करू. जनरेटर १० केव्हीएचा आहे. केव्हीएतला खऱ्या शक्तीचा वाटा, म्हणजे पॉवर फॅक्टर, ०.८ धरला तर खरी शक्ती ८ किलोवॉट. घराचा किंवा साइटचा चालू लोड ३ किलोवॉट. चार्जरची मर्यादा १०० अँपिअर लावलेली, बॅटरी ५४ व्होल्टवर: ५.४ किलोवॉट बॅटरीत जातात आणि चार्जरमधली घट धरून जनरेटरवरून साधारण ६ ओढले जातात. एकूण ९. जनरेटर ८चा. तो दोषी नाही, त्याच्यावर ओझं जास्त टाकलं आहे. चार्जिंग ६० अँपिअरवर आणा, एकूण मागणी साधारण साडेसहा किलोवॉट होईल आणि चक्र थांबेल. उंच ठिकाणी आणि कडक उन्हाळ्यात इंजिनाची ताकद आणखी घटते, तेव्हा त्याहून कमी ठेवा. इन्व्हर्टरमध्ये जनरेटरसाठी कमाल इनपुट प्रवाहाची वेगळी सेटिंग असेल तर तीच वापरा. मग लोड वाढला की चार्जिंग आपोआप कमी होतं.

ओझं बरोबर असूनही चक्र चालू राहिलं तर दोन गोष्टी बघा. यांत्रिक गव्हर्नरचा (गव्हर्नर म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) जनरेटर रिकामा असताना ५२ हर्ट्झच्या आसपास चालतो आणि लोडवर ५०ला येतो. इन्व्हर्टरची वरची मर्यादा ५१ असेल तर तो रिकाम्या जनरेटरला कधीच स्वीकारणार नाही. मर्यादा रुंद करा. बऱ्याच इन्व्हर्टरांत जनरेटरसाठी तशी वेगळी सेटिंग असते. दुसरं, आरपीएम सारखे वरखाली होत असतील, म्हणजे हंटिंग असेल, तर डिझेल फिल्टर, लाइनमधली हवा आणि गव्हर्नरची लिंक बघा. व्होल्टेज डुलत असेल आणि फ्रीक्वेन्सी स्थिर असेल, तर रोख एव्हीआरकडे, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाकडे, वळवा.

सुरू झाल्यावर इंजिनाला गरम व्हायला एखादं मिनिट द्या. तेवढ्याच उशिराने इन्व्हर्टर जोडला जाईल असं लावून ठेवलं, तर अर्ध्या तक्रारी मी पोचण्याआधीच मिटतात, असा माझा अनुभव आहे.

स्क्रीन ४०% दाखवत होती आणि बॅटरी अचानक बंद पडली. स्क्रीन खोटं बोलते का?

स्क्रीनचा अंदाज चुकला आहे. एलएफपी सेलचा व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो, ३.२ ते ३.३ व्होल्टच्या आसपास. त्यावरून टक्केवारी कळत नाही. म्हणून बीएमएस आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजून हिशेब ठेवतं. प्रत्येक मोजमापात किंचित चूक असते आणि ती रोज साठत जाते. बॅटरी पूर्ण भरली की हिशेब पुन्हा १००वर जुळवला जातो.

आता जनरेटरची सेटिंग बघा. डिझेल वाचवायला लोक ३०%ला सुरू आणि ८०%ला बंद असं लावतात, ते योग्यच आहे. पण सोलर नसेल आणि मुख्य वीज क्वचितच येत असेल, तर अशी बॅटरी महिनोन्महिने पूर्ण भरतच नाही. हिशेब भरकटतो, स्क्रीनवर ४० असताना प्रत्यक्षात ५ उरलेले असतात, आणि ३०%ची पायरी येण्याआधीच बीएमएस बंद होतं. जनरेटरला कुणी बोलावलंच नाही. दोन ते चार आठवड्यांतून एकदा बॅटरी पूर्ण भरू द्या.

बॅटरी पूर्ण भरायच्या आतच 'सेल ओव्हर व्होल्टेज' येऊन चार्जिंग तुटतं.

१६ सेलच्या बॅटरीत एक सेल बाकीच्यांच्या आधी ३.६५ व्होल्टला पोचतो. एकूण व्होल्टेज कमीच दिसतो, पण बीएमएस त्या एकासाठी सगळं थांबवतं, आणि ते बरोबर करतं. कारण वरच्या उत्तराशी जोडलेलं आहे. सेल समतोल करण्याचं काम बहुतेक बीएमएस फक्त वरच्या टोकाला करतात, आणि तिथे बॅटरी कधी पोचलीच नाही.

समतोलाचा प्रवाह फार बारीक असतो. १०० अँपिअर-तासांच्या सेलमध्ये २% फरक म्हणजे २ अँपिअर-तास. १०० मिलिअँपिअरने तो मिटवायला वरच्या टोकावर २० तास लागतात. तेव्हा घाई न करता चार्जिंगचा व्होल्टेज थोडा कमी करा, म्हणजे सेलमागे ३.४५ च्या आसपास, प्रवाह अगदी कमी ठेवा आणि बॅटरीला तिथे तासन्‌तास बसू द्या. हे काम सोलर किंवा मुख्य विजेवर करा. त्यासाठी जनरेटर दिवसभर चालवणं त्याच्याही तब्येतीला बरं नाही. काही दिवसांनीही तोच सेल वर पहिला आणि खाली उतरतानाही पहिला असेल, तर त्याची क्षमताच गेली आहे. समतोलाने तो सुधारणार नाही.

बीएमएस आणि इन्व्हर्टरचा संवाद तुटल्याचा अलार्म येतो.

आधी केबल. संगणकाच्या नेटवर्क केबलसारखी दिसते म्हणून कुठलीही केबल लावली जाते, पण पिनांची मांडणी प्रत्येक उत्पादकाची वेगळी असते. मग इन्व्हर्टरमध्ये निवडलेला बॅटरीचा प्रकार, दोन्हीकडचा संवादाचा वेग आणि बॅटरीवरचे डिप स्विच (सेटिंगचे बारीक स्विच) बघा. एकापेक्षा जास्त बॅटऱ्या असतील तर कुठल्याही दोघींचा पत्ता सारखा नसावा.

कॅन बस (यंत्रांमधल्या संवादाची दोन तारांची जोडणी) असेल तर वीज बंद करून कॅन-हाय आणि कॅन-लो यांच्यात रोध मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक असतात, म्हणून मीटरने ६० दाखवायला हवं. १२० आलं तर एक टोक सुटलं आहे, ४० आलं तर कुणीतरी तिसरा रोधक लावून ठेवला आहे. अलार्म फक्त जनरेटर चालू असताना येत असेल, तर संवादाची केबल पॉवर केबलला बिलगून गेली आहे का ते बघा आणि ती दूर करा.

समांतर जोडलेल्या बॅटऱ्यांपैकी एकच लवकर उतरते.

क्लॅम्प मीटरने प्रत्येकीचा प्रवाह मोजा. फरक मोठा असेल तर जोडणी बघा: सगळ्यांच्या केबल सारख्या लांबीच्या हव्यात. बॅटऱ्या एकीतून दुसरीला अशा ओळीने जोडल्या असतील, तर मुख्य पॉझिटिव्ह पहिल्या बॅटरीवरून आणि निगेटिव्ह शेवटच्या बॅटरीवरून घ्यावी. दोन्ही एकाच टोकावरून घेतल्या की जवळच्या बॅटरीवर सर्वात जास्त भार येतो.

मग लग. १०० अँपिअर वाहत असताना सांध्यात फक्त १ मिलिओहम जास्तीचा रोध असला, तर तिथे १० वॉट उष्णता सतत तयार होते. लोड चालू ठेवून लगपासून टर्मिनलपर्यंत मिलिव्होल्ट मोजा आणि सगळ्या सांध्यांची तुलना करा. जो वेगळा दिसेल तो बंद करून, साफ करून, उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कने आवळा.

ब्रेकर चालू केला की बीएमएस लगेच 'शॉर्ट सर्किट' म्हणतं.

शॉर्ट नसण्याची शक्यता बरीच आहे. इन्व्हर्टरचे रिकामे कपॅसिटर पहिल्या क्षणी शॉर्टसारखेच वागतात. प्रीचार्जची, म्हणजे कपॅसिटर रोधकातून आधी हळूहळू भरण्याची, सोय असेल तर तिचा रोधक जळला आहे का ते बघा. ती नसेल तर बसवा. अर्थात, केबल सुट्या करून खरा शॉर्ट नाही ही खात्री आधी करायची.

थंडीत सकाळी चार्जिंग होत नाही, दुपारी होतं.

हा बिघाड नाही. शून्य अंशाखाली चार्ज केलं तर लिथियम धातूच्या रूपात साचतं आणि सेल कायमचा खराब होतो, म्हणून बीएमएस अडवतं. संवेदक फसवून चार्ज करू नका. बॅटरी उबदार जागी ठेवा किंवा हीटरवाली घ्या.

आरसीसीबी (गळती प्रवाह दिसला की वीज तोडणारा ब्रेकर) फक्त जनरेटर चालू असतानाच ट्रिप होतो.

न्यूट्रल आणि अर्थ यांची गाठ दोन ठिकाणी बांधली गेली असणार. जनरेटरमध्ये ती पुष्कळदा कारखान्यातूनच असते, आणि दुसरी पॅनेलमध्ये किंवा इन्व्हर्टरच्या रिलेत. एका वेळी एकच स्रोत आणि एकच गाठ असायला हवी. उलट गाठ कुठेच नसेल तर आरसीसीबी गरजेच्या वेळी ट्रिपच होणार नाही, आणि ते जास्त धोक्याचं आहे. हे काम परवानाधारक वीजतंत्रीकडूनच करून घ्या.

सोलर चालू असताना जनरेटर उलट्या शक्तीवर ट्रिप होतो.

सोलर इन्व्हर्टर एसी बाजूला जोडलेला आहे आणि बॅटरी भरल्यावर उरलेली वीज जनरेटरमध्ये घुसते आहे. बॅटरीवर चालताना इन्व्हर्टर फ्रीक्वेन्सी वाढवून सोलरला आवरतो. जनरेटर जोडल्यावर फ्रीक्वेन्सी जनरेटरच्या हातात जाते आणि तो लगाम सुटतो. जनरेटर जोडला जाताच सोलर इन्व्हर्टर तुटेल असा कॉन्टॅक्टर (विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) लावा.

जनरेटर धूर सोडतो आणि सायलेन्सरमधून काळं तेलकट पाणी गळतं.

डिझेल इंजिन फार हलक्या लोडवर चालवलं, ढोबळमानाने क्षमतेच्या ३०%खाली, की सिलिंडर पुरेसे तापत नाहीत, डिझेल अर्धवट जळतं आणि कार्बन धरतो. बॅटरी जवळजवळ भरल्यावर चार्जिंग मंदावतं आणि जनरेटर नेमका असाच तासन्‌तास चालतो. ८०-९०%ला तो बंद करण्यामागे डिझेलइतकंच हेही कारण आहे.

बॅटऱ्या लेड-ॲसिड असतील तर वेगळं काय?

व्होल्टेज बोलका असतो, म्हणजे त्यावरून टक्केवारीचा अंदाज येतो, पण अर्धवट चार्ज ठेवली की सल्फेट जमून क्षमता जाते. तापमानानुसार चार्जिंग व्होल्टेज बदलायला हवा, म्हणून संवेदक बॅटरीलाच चिकटलेला आहे ना ते बघा. चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि हवेत ४%च्या वर गेला की स्फोट होऊ शकतो. खोलीला हवा खेळती हवी.

कुठल्या वेळी दुरुस्तीचा विचार सोडून लांब जायचं?

बॅटरी फुगली आहे, गोडसर किंवा रसायनासारखा वास येतो आहे, सूं-सूं आवाज येतो आहे, किंवा लोड नसतानाही ती तापतच चालली आहे, यांपैकी काहीही असेल तर. हाताशी असेल तर लांबूनच मुख्य डीसी तोडा, माणसं बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला बॅटरी लिथियमची आहे हे आवर्जून सांगा. निघणाऱ्या धुरात हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन फ्लोराइड असतात. तो श्वासात घेऊ नका. विझल्यासारखी दिसणारी बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते, म्हणून ती खोलीत तशीच ठेवून परतू नका.

जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइडही तितकाच जीवघेणा, आणि त्याला वास नसतो. जनरेटर बंद खोलीत, गॅरेजमध्ये किंवा खिडकीखाली चालताना दिसला, आणि जवळच्या कुणाला डोकेदुखी, मळमळ वाटत असेल, तर आधी त्यांना मोकळ्या हवेत न्या.

दुरुस्ती झाली. ती खरोखर झाली हे कसं कळणार?

सगळे लोड चालू ठेवून मुख्य वीज स्वतः बंद करा. जनरेटर सुरू व्हायची टक्केवारी तात्पुरती चालू टक्केवारीच्या वर नेऊन ठेवा, म्हणजे वाट बघावी लागणार नाही. तो आपोआप सुरू होतो का, इन्व्हर्टर त्याला पहिल्याच प्रयत्नात घेतो का, किमान अर्धा तास पूर्ण चार्जिंगवर फ्रीक्वेन्सी किती राहते, आणि वीज परत दिल्यावर तो थंड होऊन शांतपणे बंद होतो का, हे बघा आणि आकडे लिहा. मग टक्केवारीची सेटिंग आठवणीने परत जागेवर आणा, पॅनेलचा स्विच 'ऑटो'वर ठेवा आणि ती वही जनरेटरच्या पॅनेलमध्येच टांगून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी येणाऱ्या माणसाला पहिला आकडा तिथेच मिळेल.